जपानचे पंचमजली मनोरे आणि भूकंपाचे गणित

जपानी भाषेत ‘गोजू-नो-तो’ असा एक शब्द आहे. गोजू म्हणजे पाच पदरी आणि तो म्हणजे मनोरा. बौद्ध मंदिरांच्या आवारांत उभे असलेले, एकावर एक पाच छपरांचे हे लाकडी मनोरे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरांत पुष्कळ वेळा पाहिले असतील. नारा शहराजवळील होर्युजी मंदिराचा मनोरा त्यांत सर्वांत जुना. त्याच्या मधल्या खांबातील वार्षिक वलये मोजून तज्ज्ञांनी २००१ साली असे जाहीर केले की, ते झाड इ. स. ५९४ च्या सुमारास तोडलेले आहे. क्योतोच्या तोजी मंदिराचा मनोरा सर्वांत उंच, म्हणजे जवळजवळ ५५ मीटर. आज उभा आहे तो १६४४ साली बांधलेला.

जपान हा भूकंपांचा देश. तेथे असे उंच, सडपातळ आणि डोक्यावर कौलांचा प्रचंड भार वाहणारे लाकडी मनोरे शतकानुशतके टिकावेत कसे, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाला पडेल. त्याचे उत्तर शोधण्यात जपानी पंडितांनी शंभरांहून अधिक वर्षे घालविली आहेत. त्या शोधाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केलेला बरा. हे मनोरे अमर आहेत असे जे लिहिले जाते ते खरे नाही. आग, वीज आणि वादळ ह्यांनी अनेक मनोरे नष्ट झाले आहेत. ओसाकाच्या शितेन्नोजी मंदिराचा मनोरा २१ सप्टेंबर १९३४ च्या मुरोतो वादळात कोसळला. तोक्योच्या असाकुसा भागातील मनोरा १९२३ च्या महाभूकंपातून वाचला, पण मार्च १९४५ मधील बाँबहल्ल्याच्या आगीत जळाला. १९९८ साली मुरोजी येथील चिमुकल्या मनोऱ्यावर वादळात देवदाराचा वृक्ष पडून त्याची छपरे मोडली. ती पुढे दोन वर्षांत दुरुस्त झाली. मात्र भूकंपाने पडलेल्या मनोऱ्यांची उदाहरणे फारच विरळा, आणि कोडे आहे ते एवढेच.

भूकंप मोजण्याचे शास्त्र जपानात मूळ धरू लागले ते परदेशी अध्यापकांच्या हाताने. जॉन मिल्न हे इंग्रज खाणशास्त्रज्ञ १८७६ साली तोक्योस शिकविण्यासाठी आले. १८८० साली योकोहामा येथे भूकंप झाला आणि त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने जपानची भूकंपशास्त्र-मंडळी स्थापन झाली. पुढे २८ ऑक्टोबर १८९१ रोजी नोबी प्रांतात भयंकर भूकंप होऊन सात हजारांहून अधिक माणसे दगावली. युरोपच्या धर्तीवर नव्याने बांधलेल्या विटांच्या इमारती व कारखाने त्यात ढासळले. सुधारणेची खूण म्हणून मोठ्या अभिमानाने उभारलेली वीट अशी दगा देते हे पाहून सरकार जागे झाले आणि १८९२ साली शाही भूकंप-अन्वेषण समिती नेमली गेली.

ह्या समितीचे पुढे आधारस्तंभ झालेले प्राध्यापक ओमोरी फुसाकिची ह्यांचे नाव आपणां भारतातून आलेल्या लोकांना माहीत असावयास हवे, कारण ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा येथील भूकंपानंतर ते पाहणीसाठी हिंदुस्थानात येऊन गेले होते. ओमोरींना मोजण्याचा विलक्षण छंद होता. धुराडी, रेल्वेपुलांचे खांब, विटांच्या इमारती, जे जे हलते त्याचे कंपन त्यांनी यंत्राने कागदावर उतरविले. मग त्यांची दृष्टी मनोऱ्यांकडे वळली. निरनिराळ्या पाच मजली मनोऱ्यांवर यंत्रे चढवून, वाऱ्याने व लहानसहान हादऱ्यांनी ते कसे डोलतात ह्याची नोंद करून त्यांनी १९२१ साली समितीच्या पत्रिकेत निबंध प्रसिद्ध केला. मनोऱ्याला एक हेलकावा पुरा करावयास साधारण एक ते दीड सेकंद लागतो असे दिसून आले. आजच्या भाषेत, ऐतिहासिक इमारतींच्या कंपनमापनाचा हा पायाच म्हटला पाहिजे.

ह्या ‘हेलकाव्याच्या वेळे’ला शास्त्रात स्वाभाविक आवर्तनकाल म्हणतात. कोकणातील ज्यांच्या डोळ्यांपुढे अलिबाग-रेवदंड्याच्या वाड्या अजून आहेत त्यांना हे समजावयास कठीण नाही. वारा कसाही येवो, उंच माड आपल्याच संथ लयीत झुलतो आणि शेजारचे लहान कलम भराभर थरथरते. प्रत्येकाची लय त्याच्या वजनावर आणि ताठपणावर ठरलेली असते. भूकंपाच्या लाटांची लय आणि इमारतीची लय जुळली, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका द्यावा तसे प्रत्येक हादऱ्यागणिक डोलणे वाढत जाते. दोन्ही लयी भिन्न असल्या तर इमारत पुष्कळशी बचावते.

ओमोरींच्या निबंधानंतर दोनच वर्षांनी, १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बारा वाजण्यास दोन मिनिटे असताना, कान्तो प्रदेशात महाभूकंप झाला. भूकंप आणि त्यामागून आलेली आग ह्यांत सुमारे एक लाख पाच हजार लोक मेले किंवा बेपत्ता झाले. असाकुसातील बारा मजली ‘र्योउन्काकु’ हा विटांचा मनोरा, १८९० सालचा आणि तोक्योचे भूषण समजला जाणारा, आठव्या मजल्याजवळ मोडला. त्याच शहरात उएनो येथील कान्-एइजीचा १६३९ सालचा लाकडी मनोरा आणि इकेगामी येथील होन्मोन्जीचा त्याहूनही जुना मनोरा मात्र उभे राहिले. दैव असे की, ओमोरी तेव्हा मायदेशी नव्हतेच. ते ऑस्ट्रेलियात सिडनी येथील वेधशाळेत भूकंपमापक यंत्रापुढे उभे होते आणि त्या यंत्राची सुई त्यांच्या डोळ्यांदेखत हलू लागली. तोक्योत लवकरच मोठा भूकंप होईल असे त्यांचे सहकारी इमामुरा आकित्सुने १९०५ पासून सांगत आले होते आणि ओमोरींनी त्यांचे म्हणणे जाहीरपणे खोडून काढले होते. आजारी अवस्थेत ते जपानला परतले आणि नोव्हेंबरमध्ये वारले. मनोऱ्यांची पहिली शिस्तशीर मोजणी करणाऱ्या माणसाला आपल्या मोजणीची खरी परीक्षा प्रत्यक्ष पाहता आली नाही.

त्यानंतर जपानी वास्तुशास्त्रज्ञांत एक मोठा वाद पेटला. एका पक्षाचे म्हणणे, इमारत ताठ आणि भक्कम असावी. सानो तोशिकाता ह्यांनी १९१६ सालीच इमारतीच्या वजनाचा ठरावीक हिस्सा आडवे बल म्हणून धरून आराखडा करण्याची रीत मांडली होती. १९२४ साली कायद्याने तो हिस्सा एकदशांश ठरविण्यात आला. नाइतो ताचू ह्यांनी बांधलेली, जाड भिंतींची एक बँकेची इमारत भूकंपातून सहीसलामत सुटल्यामुळे ह्या पक्षाला बळ आले. दुसऱ्या पक्षाचे अग्रणी आरमार-खात्यातील अभियंते माशिमा केन्झाबुरो. इमारत लवचीक ठेवा, म्हणजे तिची लय संथ होऊन ती भूकंपाच्या जलद हादऱ्यांतून निसटेल, असे ते सांगत. साहजिकच ह्या पक्षाचे लोक जुन्या मनोऱ्यांकडे बोट दाखवीत. वाद दहाएक वर्षे चालला, परंतु निकाल लागला नाही. कारण भूकंपात जमीन नेमकी कशी हलते ह्याची विश्वसनीय नोंदच तेव्हा कोणापाशी नव्हती. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मी वाचले तेव्हा जाणवले की, बुद्धीची उणीव कोणाकडेच नव्हती. उणीव होती ती आकड्यांची.

ह्यातील एक गंमत सांगण्यासारखी आहे. ताठ पक्षाच्या बाजूने तावातावाने लिहिणाऱ्या तरुणांत मुतो कियोशी हे एक होते. तोक्योत १९२० पासून इमारतींना सुमारे ३१ मीटरची मर्यादा होती. म्हणजे तोजीचा मनोरा कायद्याच्या दृष्टीने बेकायदा उंचीचा ठरला असता! ही मर्यादा १९६३ साली उठली आणि १९६८ साली कासुमिगासेकी येथे १४७ मीटर उंचीची, ३६ मजल्यांची इमारत पुरी झाली. ती लवचीक तत्त्वावर बांधलेली होती, तिचा हिशेब संगणकावर झाला होता, आणि तिचे सूत्रधार होते तेच मुतो कियोशी.

येथून संगणकाचा प्रवेश होतो. इमारतीचे संगणकातील प्रतिरूप म्हणजे चित्र नव्हे, तो आकड्यांचा सांगाडा असतो. प्रत्येक मजल्याचे वजन किती, एक मजला दुसऱ्यावर सरकविण्यास किती जोर लागतो, म्हणजे त्याची दृढता किती, आणि सांध्यांच्या घर्षणात किती जोर जिरतो, एवढे दिले की संगणक त्या इमारतीला खोट्या भूकंपाने हलवून दाखवितो. नव्या पोलादी इमारतीत हे आकडे कारखान्याच्या दाखल्यावरून मिळतात. चारशे वर्षांच्या लाकडी मनोऱ्यात ते कोठून आणावयाचे? खांबावर आडवे ठोकळे, त्यांवर तुळ्या, पुन्हा ठोकळे अशी शेकडो लाकडे एकमेकांत नुसती बसविलेली. खिळ्यांवर भिस्त फारच थोडी. लाकूड वाळलेले, कोठे दबलेले, कोठे किडलेले. वजनाचा अंदाज कौले मोजून करता येतो. ताठपणाचा अंदाज मात्र कागदावर होत नाही.

म्हणून पुन्हा ओमोरींच्याच वाटेने जावे लागते. मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्यावर संवेदनशील यंत्रे ठेवतात. समुद्राच्या लाटा, वारा, दूरच्या रस्त्यावरील मोटारी ह्यांमुळे जमीन सदैव अतिसूक्ष्म थरथरत असते. डोळ्यांना न दिसणारी ही थरथर यंत्र टिपते. कधी कधी वरच्या मजल्यावर काही माणसे तालात अंग डोलवून मनोरा किंचित हलवितात आणि एकदम थांबतात. मग हेलकावे कसे विरत जातात ते पाहतात. ह्यावरून आवर्तनकाल, हेलकावे विरण्याचा वेग आणि कोणता मजला किती हलतो त्याची रीत, अशा तीन गोष्टी मिळतात. त्यानंतर संगणकातील प्रतिरूप ह्या मोजलेल्या गोष्टींशी जुळेपर्यंत त्यातील आकडे बदलावयाचे.

शिक्षकाची सवय म्हणून एक उदाहरण देतो. समजा, प्रतिरूपाने आवर्तनकाल १.० सेकंद सांगितला आणि प्रत्यक्ष मोजणीत तो १.२ सेकंद आला. वजन बरोबर असेल तर प्रतिरूप फाजील ताठ आहे. दृढता आणि आवर्तनकाल ह्यांचा संबंध वर्गाचा असल्यामुळे १.२ चा वर्ग १.४४, म्हणून दृढता १.४४ ने भागावी लागेल, म्हणजे ती मूळच्या सुमारे ६९ टक्के धरावी लागेल. गणित सुटले! पण खरोखर सुटले काय? खालचा मजला बराच सैल केला तरी १.२ येते, आणि सर्व मजले थोडे थोडे सैल केले तरीही १.२ येते. उत्तर एक आणि वाटा अनेक. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरील उत्तर पाहून मधल्या पायऱ्या जुळविणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याचे उत्तर बरोबर असते, पण त्याला गणित येत नसते. संगणकही असाच चलाख विद्यार्थी आहे. त्याला पकडावयाचे तर एकट्या आवर्तनकालावर विसंबून चालत नाही. कोणता मजला किती आणि कोणत्या बाजूस हलला हेही जुळले पाहिजे. पहिल्या रीतीत सगळे मजले एकाच बाजूला झुकतात. दुसऱ्या व तिसऱ्या रीतीत खालचे एकीकडे आणि वरचे दुसरीकडे जातात. जपानात लोकप्रिय असलेले मनोऱ्याचे ‘सर्पनृत्य’ ते हेच.

दुसरी अडचण ह्याहून कठीण आहे. सूक्ष्म थरथरीत सांधे घर्षणाने घट्ट धरलेले असतात, म्हणून मनोरा ताठ भासतो. मोठ्या हादऱ्यात तेच सांधे किंचित सरकू लागतात. ताठपणा उतरतो, लय संथ होते आणि घासाघासीत पुष्कळ जोर जिरून जातो. तेव्हा शांत दिवशीच्या थरथरीवर तंतोतंत बेतलेले प्रतिरूप खऱ्या भूकंपाच्या दिवशी चुकणार. ह्यावर उपाय एकच: यंत्रे वर्षानुवर्षे तेथेच ठेवावयाची आणि भूकंपाची वाट पाहावयाची. चिबा प्रांतातील इचिकावा येथे होकेक्योजी मंदिराचा १६२२ सालचा मनोरा आहे. फुजिता काओरी, हानाझातो तोशिकाझु आणि साकामोतो इसाओ ह्या संशोधकांनी तेथे असे निरीक्षण केले, आणि पाच मजली मनोऱ्याच्या भूकंपातील वर्तनावरचा आपला निबंध २००४ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथील जागतिक परिषदेत मांडला. त्याच सुमारास त्सुकुबा येथील सरकारी संशोधन-संस्थेत, सुतारांनी परंपरागत पद्धतीने घडविलेली होर्युजीच्या धर्तीची एकपंचमांश आकाराची प्रतिकृती हलत्या चौथऱ्यावर ठेवून हलविण्यात आली. संगणकातील आकडे, खरा मनोरा आणि सुतारांची प्रतिकृती अशा तीन साक्षीदारांची उलटतपासणी सुरू झाली.

मोजलेल्या नोंदीवरून हिशेब पडताळण्याचे आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पुष्कळांना आठवत असेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा १०३ मीटर उंचीच्या त्या धरणातच एक यंत्र चालू होते. त्याने टिपलेली नोंद घेऊन बर्कली येथील प्राध्यापक अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत संगणकावर हिशेब केला. धरणाच्या बाहेरील उताराचा कोन जेथे बदलतो तेथेच ताण सर्वाधिक, असे त्यात दिसून आले. आणि भेगाही त्याच पातळीवर पडल्या होत्या. हिशेब आणि भेग जेथे एकमेकींशी जुळतात तेथे संगणकावर भरवसा ठेवता येतो.

मनोऱ्यांच्या बाबतीत मात्र अजून सर्व जुळलेले नाही. मुख्य वाद मधल्या खांबाविषयी आहे. त्याला ‘शिन्बाशिरा’, म्हणजे हृदयस्तंभ, म्हणतात. तो पायथ्यापासून शिखरापर्यंत जातो, पण मजल्यांचा भार वाहत नाही. शिखरावरील धातूचा कळस धरून असतो. कोठे तो दगडावर उभा, कोठे पहिल्या मजल्याच्या तुळयांवर टेकलेला. निक्को येथील १८१८ साली पुन्हा बांधलेल्या मनोऱ्यात तर तो चौथ्या मजल्यापासून साखळ्यांनी टांगलेला असून त्याचे बूड जमिनीला टेकतच नाही. एक जुनी उपपत्ती अशी की, तो लोलकासारखा उलट झुलून मनोऱ्याचे डोलणे शमवितो. दुसरी अशी की, तो दाराच्या अडसरासारखा काम करून मजल्यांना फार सरकू देत नाही. तिसरा पक्ष म्हणतो की, लाकूड काळाच्या ओघात आटते, ते सोसावे एवढ्यासाठीच सुतारांनी खांब टांगला. भूकंपाचा त्यात विचारच नव्हता. निक्कोच्या खांबापुरता हा तिसरा विचार मला सर्वांत साधा म्हणून पटतो. कौलांनी दबलेली छपरे वर्षांनुवर्षे खाली बसत जातात आणि एकसंध उभा खांब मात्र तेवढा आखडत नाही. खांब खालून टेकलेला असता तर तो छत फोडून वर आला असता. पण साधे उत्तर खरे असतेच असे नाही. २०१२ साली तोक्योत खुल्या झालेल्या ६३४ मीटर उंच ‘स्काय ट्री’ मनोऱ्यात मधोमध काँक्रीटची उभी नळी असून वरच्या भागात ती बाहेरील पोलादी सांगाड्याशी तेलाच्या शामकांनी जोडली आहे, आणि त्या योजनेला नाव दिले आहे तेही शिन्बाशिराचेच.

हा सारा खटाटोप केवळ पंडितांच्या कुतूहलासाठी आहे असे कोणी समजू नये. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे व आसपासच्या प्रदेशात झालेल्या भूकंपात ६,४३४ माणसे गेली. त्यानंतर जपानच्या सांस्कृतिक खात्याने १९९९ साली राष्ट्रीय ठेवा असलेल्या इमारतींच्या भूकंप-तपासणीचे दंडक ठरविले. इमारत धोकादायक ठरली तर तिच्यात पोलाद घालावे लागते. सुरक्षित ठरली तर ती जशीच्या तशी ठेवता येते. नारा येथील तोदाइजीच्या महाबुद्ध-मंडपाच्या छतात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दुरुस्तीत इंग्लंडहून आणलेले पोलादी त्रिकोणी सांगाडे बसविले गेले; ते आजही तेथे आहेत. तेव्हा दुसरा इलाज दिसला नव्हता. त्याच शहरातील तोशोदाइजीचा आठव्या शतकातील मुख्य मंडप २००० ते २००९ ह्या काळात सुटा करून पुन्हा जोडला, तेव्हा संगणकाचा हिशेब सुतारांच्या अनुभवाशेजारी मांडूनच निर्णय घेतले गेले. प्रतिरूप फाजील नाजूक धरले तर जुन्या लाकडाला भोके पाडून नको तेथे लोखंड ठोकले जाईल. फाजील बळकट धरले तर एखाद्या दिवशी छप्पर आत प्रार्थना करणाऱ्यांच्या डोक्यावर येईल. एकदा पाडलेले भोक बुजत नाही.

आपण ज्या भूमीवर राहतो तीही स्थिर नाही. १ जानेवारी १८३७ रोजी त्झफात उद्ध्वस्त झाले, आणि ११ जुलै १९२७ च्या भूकंपात लोद व रामले ह्या गावांची मोठी हानी झाली. रामलेतील पांढरा मनोरा १३१८ सालचा. तो दगडाचा, म्हणजे त्याचे सांधे लाकडासारखे सरकून जोर जिरविणारे नव्हेत. त्याची लय वेगळी आणि त्याचे गणितही वेगळे. रामलेच्या बाजाराला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी मुलांना तो दाखवावा आणि त्याच्या शेजारी तोजीच्या मनोऱ्याचे एखादे चित्र धरावे. कोणी तोक्योस गेलेच, तर उएनोचा १६३९ सालचा मनोरा आता प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. हत्ती पाहावयास आलेली शाळकरी मुले त्याच्याजवळून रोज जातात.